सर्रा : घोड्यांचा ताप आणि चंद्रपूरचा शेतकरी

पावसाळा सरत आला की मूलच्या धानपट्ट्यात गुरांच्या अंगावर मोठ्या, चावऱ्या माश्या दिसू लागतात. त्यांतील टॅबॅनस या माशीशी घोड्यांच्या एका जुन्या रोगाचा इतिहास जोडलेला आहे. तो रोग म्हणजे सर्रा. घोड्याला राहून राहून ताप येतो, पोटाखाली व पायांवर सूज चढते, चारा खात असूनही जनावर खंगते आणि पुढे मागचे पाय लटपटू लागतात.

१८८० साली डेरा इस्माइल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने आजारी घोड्यांचे व उंटांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यात चाबकासारखे शेपूट हलवणारे एकपेशीय जीव वळवळत होते. असेच जीव निरोगी उंदरांच्या रक्तातही सापडत, म्हणून ते निरुपद्रवी असावेत असे त्या वेळचे जाणकार मानीत. इव्हान्सने ते रक्त निरोगी जनावरांना टोचले आणि तीही आजारी पडली. मतापेक्षा प्रयोग मोठा, हे वर्गात सांगण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. या जीवाला पुढे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे नाव मिळाले. पुण्यात १८८९ साली स्थापन झालेल्या व १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवलेल्या सरकारी जिवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनीही सर्ऱ्याचा अभ्यास केला.

आफ्रिकेतील निद्रारोगाचा जीव त्सेत्से माशीच्या पोटात वाढतो. सर्ऱ्याचे तसे नाही. माशी एका जनावराला चावते, ते शेपटीने तिला हुसकते आणि ती सोंडेवरच्या ओल्या रक्तासह शेजारच्या जनावरावर बसते. एवढ्याने काम होते. न उकळलेली सुईही तेच करते. ताप राहून राहून का येतो? हा परजीवी आपले प्रथिनांचे आवरण वारंवार बदलतो. एका आवरणाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते, तोवर दुसरे आवरण घातलेली प्रजा वाढलेली असते. त्यामुळेच सर्ऱ्यावर लस नाही. माश्या हटवणे, तापाच्या घोड्याचे रक्त तपासणे व त्याला वेगळे बांधणे, आणि वेळीच क्विनापायरॅमिनसारखे औषध देणे हेच उपाय उरतात. गाय-म्हैस मात्र पुष्कळदा आजारी न दिसताच परजीवी बाळगते. केवळ घोड्यावर लक्ष ठेवून भागत नाही.

माणसाला सर्रा होत नाही, असे पुस्तकांत लिहिलेले असे. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातीलच एका शेतकऱ्याला कित्येक महिने चढउताराचा ताप येत होता. त्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला. जखमेला गुरांचे रक्त लागले असावे, असा अंदाज करण्यात आला. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. पण त्यालाच का? आपल्या रक्तातील अपोलिपोप्रोटीन एल-१ हे प्रथिन या परजीवीला छिद्रे पाडून मारते. या शेतकऱ्याच्या त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या आणि ते प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. त्याच्या गावातील १८०६ जणांची रक्ततपासणी झाली. काहींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, म्हणजे परजीवीशी त्यांची गाठ पडली असावी. प्रत्यक्ष परजीवी मात्र एकाच्याही रक्तात दिसला नाही.