खामगावचा डबा, टेबलावरचा

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण, पण तिथे आजही रेल्वे नाही. खामगावला मात्र १८७० सालीच गाडी आली. जलंबपासून जेमतेम तेरा किलोमीटरचा हा फाटा काढला तो मुख्यतः कापसासाठी. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते!

या फाट्यावरचा डबा घरी बनवायचा तर काय लागते? किटमध्ये भिंती, छत, बोगी, चाके सुटी मिळतात. कानशीने कडा घासा, जोडा, रंगवा. पण बाजारातले बहुतेक किट परदेशी गाड्यांचे. १:८७ हे सर्वांत प्रचलित माप, आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो तिकडच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून ठरला. आपले ब्रॉडगेज १६७६. हिशेबाने १९ मिलिमीटरहून थोडा रुंद रूळ हवा. म्हणून आपला डबा तयार रुळावर ठेवला की अंग भारतीय आणि पाय अरुंद दिसतात. बरेच हौशी ही चूक पोटात घालतात. मीही घातली. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून २०१८ पर्यंत बनलेला निळा डबा या मापात सुमारे साडेचोवीस सेंटिमीटर होतो, तेवढा मात्र मी काटेकोर कापला.

खामगाव–जालना मार्गाची मागणी कित्येक पिढ्यांची. माझ्या टेबलावर खामगाव स्टेशनच्या पुढे, चिखलीच्या दिशेने, वीतभर रूळ जास्त टाकला आहे.