गिनीचे वाचनालय आणि अर्ध्या पेनीचे वाचनालय

मोबाइलवर दरमहा वर्गणी भरली की हजारो पुस्तके वाचायला मिळतात. वर्गणी थांबली की सारी पुस्तके गेली. पुष्कळांना ही आजची नवलाई वाटते. पण लंडनमध्ये हा व्यवहार पावणेदोनशे वर्षांपूर्वीच भरात आला होता.

चार्ल्स एडवर्ड मुडी या पुस्तकविक्रेत्याने १८४२ साली पुस्तके वाचायला देणे सुरू केले. वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, भरायची आणि एका वेळी एक खंड घरी न्यायचा. त्या काळी नवी कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत असे साडेएकतीस शिलिंग. म्हणजे एका कादंबरीहून कमी पैशांत वर्षभर वाचन! मध्यमवर्गाची चंगळ झाली. मजुराला मात्र गिनी कुठली परवडायला?

पण मुडी एवढा मोठा गिऱ्हाईक झाला, की प्रकाशक त्याच्या तोंडाकडे पाहू लागले. जॉर्ज मूरची १८८३ सालची कादंबरी नीतीच्या कारणाने अडवली गेली, तेव्हा मूरने चिडून १८८५ मध्ये एक पुस्तिकाच काढली. पुढे १८९४ मध्ये मुडी आणि स्मिथ या दोन वाचनालयांनी तीन खंडांना पूर्वीचा भाव देणार नाही असे कळवले. थोड्याच वर्षांत तीनखंडी कादंबरी नाहीशी झाली. लेखकाने किती लांब लिहायचे हेसुद्धा दुकानदार ठरवू लागला, म्हणा ना!

दुसरी वाट १८५० च्या कायद्याने उघडली. आपल्याकडच्या घरपट्टीसारख्या करातून, पौंडामागे अर्धी पेनी, वाचनालयासाठी घ्यायला नगरांना मुभा मिळाली. गंमत अशी, की त्या पैशातून इमारत बांधता येई, पुस्तके घेता येत नसत! ती सोय १८५५ मध्ये झाली आणि पट्टीही एक पेनी झाली. मँचेस्टरचे मोफत वाचनालय १८५२ मध्ये उघडले, तेव्हा खुद्द डिकन्स हजर होता. तिथे घेतलेले पुस्तक गावाच्या मालकीचे. फाटले तर बांधून पुन्हा कपाटात.

आपल्या महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा या दोहोंच्या मधला. त्यात ग्रंथालय-कर नाही. सरकार अनुदान देते, वाचनालय गावची संस्था चालवते आणि सभासद थोडी वर्गणी व अनामत भरतो. पण पुस्तक वाचनालयाचेच राहते.

ई-पुस्तकात नेमकी हीच मालकी निसटते. वाचनालयाला मिळतो तो बहुधा परवाना. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये अमेरिकेतल्या वाचनालयांना सांगितले, की एक ई-प्रत २६ वेळाच देता येईल. मग पुन्हा विकत घ्या. मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ पासून नव्या पुस्तकाची पहिले आठ आठवडे एकच ई-प्रत देण्याचा नियम केला. मोठ्या शहराच्या वाचनालयालासुद्धा एकच! वाचनालयांनी विरोध केला, काहींनी खरेदी थांबवली आणि मार्च २०२० मध्ये मॅकमिलनने तो नियम मागे घेतला. मुडीचे दुकान मात्र १९३७ मध्येच बंद झाले होते.