नोंदवहीतले घराणे

इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ साली, टॉमस क्रॉमवेलने एक हुकूम काढला. प्रत्येक गावच्या चर्चने वही ठेवावी आणि आठवड्यातले बाप्तिस्मे, विवाह व दफने दर रविवारी तीत लिहावीत. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीखाली वधूवरांची सही घेऊ लागले. ज्यांना लिहिता येत नसे ते फुली काढीत. म्हणूनच तिथल्या साध्या चांभारालाही आपले घराणे अठराव्या शतकापर्यंत मागे नेता येते.

अशाच एका घराण्याचा धागा मराठ्यांच्या इतिहासात गुंतलेला आहे. चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून पुण्याच्या दरबारी कंपनीचा वकील होता. टिपूविरुद्धचा १७९० चा तह त्यानेच जुळवून आणला. त्याचा बाप सॉमरसेट परगण्यातील कूम फ्लोरी गावचा धर्मगुरू, म्हणजे असल्या वह्या राखणाऱ्यांपैकीच एक! मायदेशी परतल्यावर १७९९ मध्ये मॅलेटने सुझाना वेल्सशी विवाह केला. पेशव्यांच्या दरबाराचे चित्र काढायला घेतलेला आणि १७९५ मध्ये साष्टीत वारलेला चित्रकार जेम्स वेल्स, त्याची ही मुलगी. या दांपत्याला आठ मुलगे झाले. त्यांतला विल्यम आर्डली गावचा धर्मगुरू झाला, तर ठाण्याचा कलेक्टर असताना १८५० मध्ये माथेरान शोधणारा ह्यू मॅलेट हाही त्यांतलाच.

परंतु याच घराण्यात आणखी एक स्त्री होती. पुण्यात मॅलेटबरोबर अंबर कौर राहत होती. तिची तीन मुले पुढे विलायतेत वाढली. वेल्सने तिचे चित्रही काढले. मात्र चर्चमध्ये तिचे लग्न लागले नव्हते. त्यामुळे विवाहाच्या नोंदींतून माग काढणाऱ्याला ती भेटत नाही. वही खोटे बोलत नाही. पण जिला रकाना नाही, तिच्याविषयी ती गप्प राहते.

आपल्याकडे चर्चची वही नसली तरी प्रयाग, गया, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, भाटांच्या पोथ्या आहेत. त्यांत पुरुषांच्या पिढ्या ओळीने सापडतात. लेकी सासरी गेल्या की धागा पुसट होतो. ज्याला तीर्थयात्रा परवडली नाही, त्याची ओळ तर कोरीच. आमच्या बालाघाटात आणखी एक अडचण आहे. १८५३ पर्यंत भोसल्यांचे राज्य, तेव्हाचे कागद मोडीत. १९५६ मध्ये विदर्भ वेगळा पडला, जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि कागद हिंदीत आले. पणजोबांचा कागद नातवाला वाचता येत नाही. कोटवाराच्या वहीत नाव एक, शाळेच्या दाखिल-खारिज रजिस्टरात दुसरे. त्या जुन्या रजिस्टरांतही बापाचे नाव हमखास, आईचे क्वचित.

तेव्हा एवढेच करावे. पेटीतले मोडी कागद रद्दीत घालू नयेत. जाणकाराकडून वाचून घ्यावेत. आणि भाऊबीजेला आत्या, मावशी, आजी घरी जमतील तेव्हा एक वही उघडावी. प्रत्येकीचे माहेरचे नाव, गाव, तिच्या आईचे नाव आणि आठवेल ते साल लिहावे. आजी आहे तोवरच हे विचारता येते; पुढे कोणत्याही दप्तरात ते सापडणार नाही.