शिक्का मुलाचा, कारभार आईचा

पुरुषी वेशात फौजेत शिरलेल्या स्त्रिया शोधायला निघाले, तर पन्हाळ्याचा इतिहास हाती काही लागू देत नाही. वेशांतराच्या गोष्टी या गडाला आहेत, पण त्या पुरुषांच्या. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवा काशीद शिवाजी महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसले आणि जिवाला मुकले. १६८९ मध्ये मोगली वेढ्यातून राजाराम महाराज लिंगायत यात्रेकरूच्या वेशात निसटले आणि जिंजीला पोहोचले. याच गडावरून हुकूम सोडणाऱ्या राण्यांनी मात्र आडोसा घेतला तो मुलाच्या नावाचा. माझ्या मते तेच त्यांचे वेशांतर.

ताराबाई या हंबीरराव मोहित्यांच्या कन्या आणि राजाराम महाराजांच्या राणी. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम वारले तेव्हा त्यांचा मुलगा शिवाजी लहान होता. त्याला गादीवर बसवून ताराबाईंनी औरंगजेबाशी लढा चालू ठेवला. १७०१ मध्ये गेलेला पन्हाळा १७०५ च्या सुमारास परत मिळवला. मोगलांचा इतिहासकार खाफीखानही त्यांची कर्तबगारी कबूल करतो. पण शिक्का मुलाचा होता, म्हणून १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी आपल्या संभाजीला गादीवर बसवताच ताराबाई मुलासह पन्हाळ्यावर कैदेत पडल्या. फौजा हलवणारी बाई तीच, पण नाव बदलताच अधिकार गेला. पुढे १७६० मध्ये संभाजी वारल्यावर त्यांच्या राणी जिजाबाईंनीही दत्तक पुत्राच्या नावाने १७७३ पर्यंत कारभार हाकला.

यावर कोणी झाशीच्या लक्ष्मीबाईंचे नाव घेईल. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ त्या स्वाराच्या पोशाखात धारातीर्थी पडल्या, हे खरे. पण तो पोशाख लढण्यासाठी होता. आपण कोणामागे दौडतो आहोत हे त्यांच्या फौजेला ठाऊक होते. शिवाय राज्यावर हक्क सांगताना त्यांनीही दत्तक दामोदररावांचेच नाव पुढे केले होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या साऱ्या राण्या, सामान्य बाईचे काय? सभासद बखरीनुसार शिवाजी महाराजांच्या लष्करात बाई बरोबर नेण्यास सक्त मनाई होती आणि नियम मोडणाऱ्याची गर्दन मारली जाई. अशा फौजेत गरीब बाईला शिरायचे तर वेश बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि वेश साधला, तर दप्तरात ती पुरुष म्हणूनच राहणार. जेम्स ग्रे या नावाने इंग्रजी फौजेत शिरून १७४८ मध्ये पाँडिचेरीला जखमी झालेली हॅना स्नेल जगाला कळली, ती १७५० मध्ये तिने स्वतः तोंड उघडले म्हणून.

तेव्हा पन्हाळ्याच्या कागदांत अशी बाई सापडत नाही, यावरून ती नव्हतीच असे म्हणता येणार नाही. राणीकडे मुलाचा शिक्का होता, गरिबाघरच्या बाईकडे असलेच तर उसने कपडे. आणि इतिहासाने जपले ते शिक्क्याचे कागद.