हिमदंशोत्तर संवेदनादोष

हिमदंशाची जखम भरून आल्यावरही हातापायांत राहून जाणारी बधिरता, मुंग्या, जळजळ आणि थंडी न सोसणे. त्वचा उणे ०.५ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. ऊतींत बर्फाचे स्फटिक धरतात, पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. अवयवाला पुन्हा ऊब मिळाली की बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही त्यात बंद पडतात. कातडी काही आठवड्यांत नवी येते. मज्जातंतू मात्र फार सावकाश सुधारतात, कित्येकदा पूर्ववत होतच नाहीत.

पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते, चप्पल निसटली तरी कळत नाही, शर्टाचे बटण बोटांना सापडत नाही. याच बधिर बोटांची रात्री आग होते. रक्तवाहिन्या थंडीने गरजेपेक्षा जास्त आकसतात, त्यामुळे फ्रीजमधली बाटली धरली तरी बोटे पांढरी पडतात. तळव्यांना घाम सुटणे आणि सांधे आखडणे हेही पुष्कळांत आढळते. हे त्रास वर्षानुवर्षे टिकू शकतात.

रायगड जिल्ह्यातील किहीमच्या किनाऱ्यावर हिमदंश होण्याइतकी थंडी कधीच पडत नाही. मासळीवर घातलेला वितळता बर्फ शून्य अंशाचा असतो. त्याने हात बधिरतात, पण गोठत नाहीत. बर्फात मीठ मिसळले की तापमान शून्याच्या बरेच खाली जाते आणि धोका खरा होतो. मात्र याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात, घरटी सैनिक देणारे फौजी आंबवडे हे गाव आहे. सियाचीनवर १९८४ पासून भारतीय सैन्य आहे. बर्फातून हिमदंश घेऊन कोकणात परतलेल्या माणसाला पुढचा धोका उन्हाचा असतो: मे महिन्यातल्या दुपारी किहीमच्या वाळूत अनवाणी चालताना तळव्याला फोड आला, तरी त्याला चटका जाणवत नाही.

तपासणीत १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात. जळजळीवर अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिन देतात. त्याने वेदना कमी होते, गेलेली संवेदना परत येत नाही. म्हणून मूळ दुखापतीच्या वेळचे उपचार फार मोलाचे: गोठलेला भाग चोळू नये, शेकोटीवर धरू नये, पुन्हा गोठण्याची भीती नसेल तेव्हाच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवावा. बोटे किंवा पाऊल गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्यात १९४४ पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. ज्यांचे पाय शाबूत पण बधिर आहेत, त्यांनी आंघोळीचे पाणी कोपराने पाहून घ्यावे, वाळूत चप्पल घालावी आणि रोज रात्री आरसा धरून तळवे तपासावेत.