विरजणाचे वैरी

विरजण लागले नाही, की आपल्याकडे दूध फार गार होते काय, भांडे नीट विसळले होते काय, अशी चौकशी सुरू होते. न्यूझीलंडमधील चीजच्या कारखान्यांतही १९३० नंतर अशीच चौकशी झाली, तेव्हा दूध, भांडी आणि कारागीर हे तिघेही निर्दोष ठरले. विलायतेस रवाना होणाऱ्या चेडरच्या पोटात पोकळ्या पडतात, ही तेथील व्यापाऱ्यांची तक्रार दूर व्हावी म्हणून पामर्स्टन नॉर्थच्या दुग्धसंशोधन संस्थेतील व्हाइटहेड यांनी वायू सोडणारे जिवाणू असलेले मिश्र विरजण सोडून एकाच निवडक वंशाचे विरजण वापरण्याची तजवीज केली होती. पोकळ्या गेल्या खऱ्या. परंतु काल ज्या विरजणाने हौद वेळेवर आंबला, त्याच विरजणाने आज दूध नुसते पडून राहू लागले. घरच्या विरजणात अनेक वंश एकत्र नांदतात, सबब एक मेला तरी दुसरा काम निभावतो; ही सवलत एकवंशी विरजणास नव्हती.

१९३५ साली व्हाइटहेड व कॉक्स यांनी या हानीचे खापर जिवाणूभक्षक विषाणूंवर फोडले. निवळीतील साय काढणाऱ्या यंत्राच्या तुषारांवर स्वार होऊन हा शत्रू कारखानाभर फिरे. म्हणून विरजणाची खोली वेगळी ठेवण्याचा व वंश आळीपाळीने वापरण्याचा बंदोबस्त करावा लागला. पुढे, विरजण वाढविण्याच्या द्रवात फॉस्फेट घालून कॅल्शियम बांधून ठेवले की विषाणूचा जोर ओसरतो, हेही लोकांच्या ध्यानी आले.

असे का व्हावे, याचा उलगडा अशाच विषाणूंपैकी ‘पी-२’ याची रचना पाहिल्यावर झाला. अनेक पैलूंच्या डोक्यात जनुकद्रव्य, खाली लांब पोकळ शेपूट, आणि शेपटीच्या टोकाशी तिनातिनांच्या सहा जुडग्यांत अठरा ग्राहक प्रथिने, असे त्याचे ध्यान असते. एरवी या प्रथिनांची तोंडे उलटी, विषाणूच्याच डोक्याकडे वळलेली असतात. कॅल्शियम लाभताच ती सुमारे २०० अंशांत फिरून जिवाणूसमोर येतात आणि शेपटीचा बंद मार्ग मोकळा होतो, असे फ्रान्स व कॅनडातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखविले. फॉस्फेटवाल्यांनी, नकळत, नेमके हेच वळण अडविले होते. मात्र ही युक्ती विरजणाच्या टाकीपुरतीच. चीजच्या हौदात दही घट्ट बसण्यास कॅल्शियम हवेच असल्यामुळे तेथे विषाणूची वाट आजही मोकळीच असते.