प्लेगचा उंदीर आणि बागांचं इंदूर

पलासियाच्या चौकात संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळाली तर नशीबच. नव्या पलासियात 'छप्पन दुकान'ला खवय्यांची रीघ असते आणि आग्रा-मुंबई रस्ता क्षणभरही रिकामा नसतो. एकेकाळी मात्र पलासिया हे इंदूरच्या पूर्वेचं साधं गाव होतं. राजवाडा, सराफा, जुनी इंदूर अशी दाट वस्ती पश्चिमेला होती. १८१८च्या मंदसौर तहानंतर इंग्रजांची रेसिडेन्सी शहराबाहेर मोकळ्यावर आली. बंगले आणि झाडी तिकडे, बोळ आणि प्लेग इकडे, अशी मग वाटणीच झाली.

ही वाटणी ज्याला खटकली तो पॅट्रिक गेडिस. मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या या स्कॉटिश नगररचनाकाराला होळकर दरबारानं बोलावलं आणि १९१८ साली त्याचा दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. इंग्लंडात एबेनेझर हॉवर्डची उद्याननगरी तेव्हा गाजत होती. ती कोऱ्या जमिनीवर वसवायची होती. गेडिसला बाग हवी होती ती जुन्या गल्लीतच. अख्खी पेठ पाडून सरळ रस्ता काढणं त्याला मान्य नव्हतं. पडायला आलेली मोजकी घरं काढायची, तिथं चौक करायचा, झाड लावायचं, विहीर साफ करायची. खर्च कमी आणि कुणी बेघरही होत नाही.

पण लोकांना हे पटवायचं कसं? गेडिसनं दिवाळीची मिरवणूक हाताशी धरली. मिरवणूक कोणत्या रस्त्यानं जाणार, हे ठरणार होतं सफाईवर: ज्यांची आळी सगळ्यांत स्वच्छ, त्यांच्या दारावरून ती जाणार. मग काय, चढाओढच लागली. घरं रंगली, अंगणं झाडली गेली, गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत राक्षसांबरोबर प्लेगचा भला थोरला उंदीरही निघाला आणि शेवटी त्याचं दहन झालं. सफाई कामगारांना मानाची जागा मिळाली. तुळशीची रोपं फुकट वाटली गेली. २०१७पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षं मिरवणाऱ्या इंदूरला हा जुना प्रसंग ठाऊक असायला हवा.

शहर समजून घ्यायचं तर त्याचं अख्खं खोरं पाहावं, असं गेडिसचं म्हणणं. इंदूरच्या बाबतीत ते तंतोतंत लागू पडतं. पश्चिमेचा सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर हे होळकरांच्या काळातले जलाशय आज पक्षीनिरीक्षकांची ठिकाणं आहेत. २०२२मध्ये दोन्ही पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले. दक्षिणेला महूच्या पुढं माळव्याचं पठार एकदम संपतं. पातालपाणीचा धबधबा तिथलाच. तिथून कालाकुंडपर्यंत घाट उतरणारी मीटरगेज वाट खांडवा-इंदूर मार्गाची. या मार्गासाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजानं कर्जाऊ दिले होते. २०१८पासून तिथं पर्यटकांसाठी खास गाडी धावते. पावसाळ्यात तिची मजा औरच.

अहवालातला नद्यांचा भाग मात्र मागे पडला. खान आणि सरस्वती यांचे काठ बागांनी जोडावेत, असं त्यात सुचवलं होतं. खानच्या काठी होळकरांचा लालबाग राजवाडा उभा राहिला, कृष्णपुऱ्याच्या छत्र्याही आहेत; पण वाढत्या शहराचं सांडपाणी त्याच नदीत गेलं. ही खान पुढं उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. म्हणून २०२८च्या सिंहस्थाआधी तिचं पाणी बंदिस्त मार्गानं क्षिप्रेपासून दूर वळवण्याचं मोठं काम मध्य प्रदेश सरकारनं हाती घेतलं आहे.